कुमुदताईंच्या फळ्या

कुमुदताई वैद्य शनिवारसाठी माणसं बोलावत नसत, रॉड बोलावत.

"या शनिवारी दोन रॉड कमी पडताहेत," असं त्या शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये जाहीर करायच्या आणि पोळीचा घास हातात तसाच धरून टेबलाभोवतीच्या प्रत्येकाकडे एकदा बघून घ्यायच्या. तलावावर मासे धरायचे तर परवाना माणशी काढावा लागतो आणि एका माणसानं पाण्यात एकच रॉड, म्हणजे गळाची काठी, सोडायचा असतो. कुमुदताईंना एका वेळी चार रॉड पाण्यात हवे असत. त्यामुळे तुम्हाला मासेमारी येते का, बोट लागते का, मुळात तुम्हाला यायचं आहे का, हे सगळे प्रश्न दुय्यम होते. तुम्ही परवाना असलेला एक रॉड होतात. बाकीचं त्या बघून घेणार होत्या.

मी अशीच रॉड म्हणून त्यांच्याकडे भरती झाले. पामर्स्टन नॉर्थला फूड टेक्नॉलॉजी शिकून मी हॅमिल्टनजवळच्या ‘ते रापा’ नावाच्या गावी, एका दूध पावडरच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच सकाळी ओलावा मोजायच्या यंत्राशेजारी मला एक भगव्या रंगाची लाकडी वस्तू दिसली. हातभर लांब, चांगली जाड, पुढचं टोक तिरकं कापलेलं. मला वाटलं, कुणीतरी पूजेचा पाट ऑफिसात आणलाय.

"हा पाट इथे कुणाचा?" मी मराठीतच पुटपुटले. नाशिकहून येऊन तीन वर्षं झाली होती, तरी स्वतःशी बोलताना मराठीच यायची.

"पाट नाही, फळी आहे," मागून मराठीतच उत्तर आलं. "बसायची नव्हे, पळायची."

मी वळून बघितलं. जेमतेम पाच फूट उंची, कानाखालपर्यंत कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीनं लोंबणारा चष्मा आणि पांढऱ्या कोटाच्या खिशातून डोकावणारा शिंप्याचा टेप. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "परवाना काढशील का?"

त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल मला फारसं कळलंच नाही. डोंबिवलीच्या, तिथे रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होत्या. पंचेचाळिशीला नवऱ्यामागून हॅमिल्टनला आल्या आणि पहिली दोन-तीन वर्षं एका मोटेलमध्ये टॉवेलांच्या घड्या घातल्या. एवढं त्यांनी एकदा सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या, "ओल्या टॉवेलनं फळी पुसू नये, रंगाला फुगे येतात." कुठलंही बोलणं असं चार वाक्यांत फळीवर येऊन टेकायचं.

तर ही फळी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडच्या तलावांत ट्राउट मासा मिळतो. बोट अगदी हळू चालवायची आणि मागे लांब दोरीवर चमचमणारं आमिष ओढत न्यायचं, ही त्याला धरायची एक रीत. याला ट्रोलिंग म्हणतात. पण ट्राउट वरच्या पाण्यात असला की इंजिनाच्या आवाजाला बुजतो. बोट डोक्यावरून गेली की बाजूला सटकतो, आणि आपलं आमिष रिकाम्या पाण्यातून फिरत राहतं. म्हणून ही फळी. तिचं टोक असं तिरकं कापलेलं असतं की बोट पुढे ओढायला लागली की पाणी तिला बाहेर ढकलतं. ती बोटीच्या मागे येतच नाही, बाजूला वीस-तीस मीटरवर जाऊन बोटीबरोबर समांतर पळते. आमिषाची दोरी तिला चिमट्यानं अडकवलेली असते. मासा लागला की दोरी चिमट्यातून निसटते, मासा तुमच्या रॉडवर येतो.

कुमुदताईंनी पहिल्यांदा ती बघितली ती आमच्याच लॅबमधल्या हेमीच्या बोटीवर. हेमी हा धिप्पाड, शांत माओरी गृहस्थ. दोन्ही हातांनी काचेची नळी अशी धरायचा की जणू चिमणीचं पिल्लू आहे. तो सांगायचा, "कुमुद तीन तास बोटीत बसली होती. माशाकडे बघितलंही नाही. फक्त विचारत होती, ही एकटीच तिकडे कुठे चाललीय?"

माशाकडे न बघण्याला कारण होतं. कुमुदताईंनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. अंडंसुद्धा नाही. ट्राउट इकडे विकता येत नाही, तसा कायदाच आहे, त्यामुळे धरलेला मासा वाटून टाकायचा. त्यांची वाटपाची यादी फ्रीजवर लावलेली असे आणि फ्रीजमध्ये मासा कधीच नसे. धक्क्यावरच हेमी किंवा मी तो साफ करायचो आणि कुमुदताई दहा पावलं लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभ्या राहून सूचना करायच्या. "मोठा मिसेस पटेलांच्या शेजारणीला. तिला नातवंडं आलीत." एकदा मी विचारलं, खायचा नाही तर धरता कशाला? त्यांनी माझ्याकडे, मी अगदीच लहान असल्यासारखं बघितलं.

"तू क्रिकेट बघतेस ना? चेंडू खातेस का?"

फळी निवडणं हा त्यांचा खरा आनंद. त्या आनंदाची झळ सगळ्यांत जास्त लागली ती गावातल्या मासेमारीच्या दुकानवाल्याला. त्याचं नाव ग्लेन. बारा महिने अर्धी चड्डी आणि जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, बोलणं मोजकं. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा त्यानं आम्हाला बघून मागच्या दाराकडे एक नजर टाकली. मला वाटलं, कुणाला तरी बोलावतोय. नंतर कळलं, पळायची वाट बघत होता.

कुमुदताईंनी भिंतीवरच्या पाच तऱ्हेच्या फळ्या काढून काउंटरवर मांडल्या. मग पिशवीतून घरचा स्वयंपाकघरातला काटा काढला.

"वजन पुडक्यावर लिहिलेलं आहे," ग्लेन म्हणाला.

"तुझ्या शरीराचं वजन तुझ्या लायसन्सवर काय लिहिलंय?" कुमुदताईंनी विचारलं. त्यांचं इंग्रजी डोंबिवलीचं होतं आणि ते तसंच ठेवायचा त्यांचा निश्चय होता. ग्लेननं काट्यासाठी काउंटरवर जागा केली.

त्या एकेक फळी तोलत होत्या आणि मला शिकवत होत्या. "हलकी फळी लाटेवर उड्या मारते. उडी मारली की दोरीला हिसका, हिसका बसला की चिमटा सुटतो, आणि आपल्याला वाटतं मासा. फार जड घेतली तर लाटेत नाक खुपसते. तळाला वजन हवं, पण मागच्या बाजूला. आता हा चिमटा बघ." त्यांनी माझी करंगळी चिमट्यात दिली. "दुखतंय?"

"थोडं."

"थोडंच दुखायला हवं. काहीच दुखलं नाही तर तो प्रत्येक लाटेला दोरी सोडणार. ओरडलीस तर लहान मासा दिवसभर लटकत राहील आणि आपल्याला पत्ता नाही."

पाचही चिमटे माझ्या करंगळीवर तपासून झाले. मग त्यांनी ग्लेनला विचारलं की मागच्या अंगणात मुलांच्या डुंबायच्या हौदात थोडं पाणी भरता येईल का. त्यानं भरलं. भर दुपारी, दोन गिऱ्हाईकं खोळंबवून ठेवून, तो हौदाच्या कडेनं दोरी धरून गोल चालला आणि कुमुदताई मध्ये उभ्या राहून म्हणत होत्या, "हळू. हळू. तू मासा नाहीस, तू बोट आहेस." शेवटी त्यांनी एकही फळी घेतली नाही. दोन चिमटे आणि एक लाल झेंडी घेतली, आणि जाताना त्याला सांगितलं की त्या निळ्या फळ्या उन्हात टांगू नकोस, वाकतील. दोन महिन्यांनी ग्लेनचा त्यांना फोन आला. एक गिऱ्हाईक विचारतंय, खवळलेल्या पाण्यात कुठली फळी घेऊ, तर जरा बोलता का त्याच्याशी. कुमुदताई त्याच्याशी पाऊण तास बोलल्या. लॅबमध्ये तोपर्यंत दुधाचे सहा नमुने माझ्याकडे बघत बसले होते.

विकतच्या फळ्या लहान, दोरीवरच बसणाऱ्या. कुमुदताईंना मोठी हवी होती. म्हणून त्यांनी ती घरी बनवली. जुन्या पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूच्या दोन फळ्या, मध्ये आडव्या पट्ट्या, वर पाच हात भगवा रंग. स्वतःच्या बोटीत एक खांब उभा केला, त्यावरून जाड नायलॉनची दोरी थेट या फळीला. रॉडच्या दोऱ्या मग त्या जाड दोरीवर चिमट्यांनी अडकवायच्या, कपडे वाळत घातल्यासारख्या.

ही फळी आधी घरच्या टबात उतरली. त्यांचे यजमान अनंतराव कॉम्प्युटरवाले, स्वभावानं गरीब. तो सगळा आठवडा ते जिमला जाऊन आंघोळ करत होते. जिम कधी केली नाही, फक्त आंघोळ. त्यांची मुलगी रिया विद्यापीठात शिकत होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"आई, देअर इज अ बेड इन द बाथ," ती दारातून म्हणाली.

"बेड नाही, बेडचा फक्त वरचा भाग," कुमुदताई टबाच्या कडेवर बसून म्हणाल्या. "तुझा पाय आत घाल आणि लाट कर बरं."

रियानं पाय घातला आणि लाट केली. त्या घरात कुणी त्यांना नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हणण्याआधीच माणूस भिजलेला असायचा.

आता मी घातलेल्या गोंधळाची गोष्ट. माझी चौथी की पाचवी फेरी असेल. त्या दिवशी बोटीवर कुमुदताई, हेमी, मी, आणि आमच्या लॅबची नवी मॅनेजर लिंडा होती. लिंडा पाहुणी म्हणून मऊ पांढरा स्वेटर घालून आली होती. दोन्ही बाजूंना फळ्या, चार रॉड पाण्यात, तलाव आरशासारखा, आणि कुमुदताईंनी मला सुकाणू दिलं होतं.

"वेग दोन पॉइंट दोन," त्या म्हणाल्या. "आणि वळायचं झालं तर शाळेतली कवायत आठव. रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरचा धावतो. फळ्यांचंही तसंच. आतली थांबते, बाहेरची सुटते. म्हणून वळण एवढं मोठं घ्यायचं की आतल्या मुलाला थांबावंच लागू नये."

मला सगळं कळलं होतं. मग समोर काळ्या हंसांचं एक जोडपं आलं, मागे चार राखाडी पिल्लं, आणि मी कवायत विसरून सरळ गर्रकन वळले. आतली फळी थांबली. थांबली म्हणजे अगदीच थांबली, तिच्यावरच्या दोऱ्या सैल पडल्या आणि बोटीमागून वाहत गेल्या. बाहेरची मात्र जत्रेत सुटल्यासारखी भन्नाट निघाली, मोठा फेरा मारून बोटीच्या मागून आली आणि आतलीच्या दोऱ्यांवरून पलीकडे गेली. दोन मिनिटांत मागच्या पाण्यात असा गुंता झाला की कुठली दोरी कुणाची हे फक्त देवाला माहीत.

मला रडू यायच्या बेतात होतं. कुमुदताईंनी इंजिन बंद केलं, चष्मा लावला, गुंत्याकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाल्या, "वा. असा मी नऊ वर्षांत नाही बघितला." मग त्यांनी डबा उघडून सगळ्यांना खोबऱ्याच्या वड्या दिल्या. त्यांच्या मते गुंता रिकाम्या पोटी सोडवायचा नसतो.

आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून सोडवायला लागलो. एक टोक लिंडाच्या हातात होतं. ते अचानक चालायला लागलं.

"कुमुद," लिंडा म्हणाली, "हे मला ओढतंय."

त्या गोळ्याच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या नादात फिरणाऱ्या एका आमिषाला, ट्राउट लागला होता. रॉड नाही, रीळ नाही, नुसती हातात दोरी. लिंडानं सगळा गुंता छातीशी कवटाळला आणि ती मागे मागे सरकायला लागली. हेमी तिला धरून, मी हेमीला धरून, आणि कुमुदताई बाकावर उभ्या राहून वड्यांच्या डब्यातल्या लाकडी उलथन्यानं दिशा दाखवताहेत. मासा आला तो तीन किलोच्या वर. तो उसळला आणि लिंडाच्या स्वेटरवरच पसरला. लिंडा तो मिठीत घेऊन हसत बसली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सोमवारी मात्र ती लॅबमध्ये सगळ्यांशी अगदी औपचारिक वागली. फक्त कुमुदताईंच्या टेबलावर तिनं एक चिठ्ठी ठेवली होती. पुढच्या शनिवारी एक रॉड उपलब्ध आहे.

पण कुमुदताईंची आठवण निघाली की मला पहिल्यांदा आठवतो तो ऑक्टोबरमधला शनिवार. हेमी आणि लिंडा दोघंही येणार नव्हते. दोन रॉड कमी पडत होते, म्हणून निदान एकाच्या जागी कुमुदताईंनी अनंतरावांना उचललं. अनंतरावांना बोट लागते. उभी असलेली बोटसुद्धा लागते. एरवी ते धक्क्यावर गाडीत थर्मास घेऊन शब्दकोडं सोडवत बसायचे. त्या दिवशी लाइफजॅकेटच्या वर मफलर गुंडाळून ते बोटीत मध्यभागी बसले. पिवळ्या रंगाची एक बादली दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेली होती.

"अहो, क्षितिजाकडे बघा," कुमुदताई म्हणाल्या.

"क्षितिज हलतंय," अनंतराव म्हणाले, आणि बादलीत बघायला लागले.

अकराच्या सुमाराला वारा सुटला. आमच्याकडचा वारा सांगून येत नाही, दहा मिनिटांत तलाव पांढरा होतो. आम्ही दोऱ्या आत घेतल्या, लहान फळ्या उचलल्या आणि परत फिरणार, एवढ्यात पूर्वेच्या कड्याखाली मला काहीतरी लाल दिसलं. कयाक होती, एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, उलटी. आणि तिच्यापासून थोडं पुढे, खडकाला धरून, छातीपर्यंत पाण्यात एक माणूस.

कुमुदताईंनी दुर्बीण लावली. "लाइफजॅकेट आहे. हात वर करत नाहीये," त्या म्हणाल्या. "थंडीनं हात गेलेत त्याचे."

मी बोट तिकडे घेतली. जवळ गेलो तशी अडचण कळली. वारा सरळ त्या कड्यावर आदळत होता आणि कड्यापुढे पंचवीस-तीस मीटरपर्यंत पाण्याखाली खडक होते. लाट ओसरली की त्यांची काळी डोकी दिसायची. आत गेलो असतो तर पंखा तुटला असता आणि मग वाऱ्यानं आम्हालाही त्याच्याशेजारी नेऊन ठेवलं असतं. अनंतरावांनी आपत्कालीन नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की बोट निघतेय, पण तलाव मोठा आहे, वेळ लागेल. लाट त्या माणसाच्या डोक्यावरून जात होती. प्रत्येक वेळी डोकं वर यायला जरा जास्त वेळ लागत होता.

"दोरी फेका," मी म्हणाले.

"वाऱ्यावर तीस मीटर कोण फेकणार?" कुमुदताई म्हणाल्या. तोपर्यंत त्यांच्या हातात मोठी फळी होती. कात्रीनं त्या जाड दोरीवरचे चिमटे एकेक कापून पाण्यात टाकत होत्या. ते चिमटे त्यांनी किती निवडून घेतले होते, मला माहीत होतं. माझ्या करंगळीला तर नक्कीच. "मेघना, खडकांच्या बाहेरून सरळ रेषेत जायचं. कड्याला समांतर. ही जाईल आत."

फळी पाण्यात पडली आणि निघाली. एवढ्या लाटांतही ती ठामपणे बाजूला, कड्याकडे सरकत होती, भगवी, बुटकी. त्या माणसापासून पाच-सहा मीटरवर दोरी संपली. फळी तशीच त्याच्या समोरून निघून गेली. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

मी मोठा वळसा घेतला. या वेळी कवायत विसरले नाही. कुमुदताईंनी फळी ओढून आत घेतली, दोरी बांधलेली कडी सोडली आणि एक भोक मागे लावली.

"त्यानं काय होईल?" अनंतरावांनी विचारलं. तोंडाचा रंग बादलीसारखा झाला होता.

"जास्त तिरकी धावेल. आणखी बाहेर जाईल," त्या म्हणाल्या. "तुमचा मफलर द्या." मफलर त्यांनी दोरीच्या शेवटी जोडला, पाच फूट तर पाच फूट. त्यापुढे अनंतरावांचा पट्टा. एका हातानं पॅन्ट धरून अनंतराव उभे राहिले.

दुसऱ्या खेपेला फळी त्याच्यापासून हातभर अंतरावर पोचली. त्यानं हात पुढे केला आणि त्याच वेळी लाट आली. लाट गेली तेव्हा फळी पुढे गेली होती आणि तो खडकाच्या दुसऱ्या बाजूला सरकला होता. मी कुमुदताईंकडे बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. त्या आकडे मोजत होत्या, लाटांचे. "सहा मोठ्या, मग तीन लहान," त्या म्हणाल्या. "पुन्हा वळसा घे आणि वेग कमी कर. मी सांगेन तेव्हा निघ. आणि थोडी आत घे. थोडीच."

थोडी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. पाण्याखालचा एक काळा खडक बोटीच्या इतक्या जवळून गेला की त्याच्यावरचं शेवाळ मला दिसलं.

"आता," त्या म्हणाल्या.

फळी तीन लहान लाटांवरून सरळ त्याच्या छातीवर जाऊन थडकली. त्याची बोटं चालत नव्हती, म्हणून त्यानं दोन्ही कोपर फळीच्या मधल्या पट्ट्यांत अडकवले आणि तिच्यावर पालथा पडला.

"बाहेर. वाऱ्याच्या तोंडावर. हळू," कुमुदताई म्हणाल्या. मी बोटीचं नाक तलावाकडे वळवलं. मागे कुमुदताई आणि अनंतराव दोघं दोरी ओढत होते. पलंगाची फळी आणि तिच्यावर तो माणूस, खडकांमधून वर-खाली होत येत होते. शेवटी बोटीच्या कडेला तो आला तेव्हा कुमुदताईंची ताकद संपली. अनंतरावांनी पॅन्ट सोडली, दोन्ही हातांनी त्याचं जॅकेट धरलं आणि असा काही हिसका दिला की दोघंही बोटीच्या तळाशी एकमेकांवर पडले. मग अनंतराव उठले, बादलीकडे गेले, परत आले आणि त्याचे हातपाय चोळायला लागले.

माणूस साठीचा असेल. मेंढ्यांची लोकर कातरण्यात आयुष्य गेलं होतं, हे नंतर कळलं. कुमुदताईंची शाल, माझं जॅकेट आणि थर्मासातला आलं घातलेला चहा पोटात गेल्यावर त्याचे दात वाजायचे थोडे थांबले. त्यानं भगव्या फळीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

त्यानं ते विचारायला नको होतं. धक्क्यावर पोचेपर्यंत वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत कुमुदताईंनी त्याला फळी कशी निवडावी, वजन कुठे असावं, चिमटा किती घट्ट असावा आणि उन्हात का टांगू नये, हे सगळं सांगितलं. तो निळ्या ओठांनी मधूनमधून "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इकडच्या भाषेत झकास, असं म्हणत होता. रुग्णवाहिकेत चढवतानाही त्या त्याच्या शेजारून चालत होत्या. "आधी लहान घे," तिचं दार बंद होता होता त्या म्हणाल्या. "मोठीच्या मागे लगेच लागू नकोस."

मग आम्ही बोट धुवायला घेतली. एका तलावातलं शेवाळ दुसरीकडे जाऊ नये म्हणून ती दर वेळी धुवावीच लागते. कुमुदताईंनी नळी हातात घेतली. पाणी बोटीवर पडायच्या ऐवजी जमिनीवर, माझ्या बुटांवर, गाडीवर पडायला लागलं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. तळव्यांना दोरीनं कापल्याच्या दोन लाल रेघा होत्या.

"तू धर जरा," त्या म्हणाल्या. "मला आज नीट धरवत नाहीये."

त्या धक्क्याच्या कठड्यावर जाऊन बसल्या. अनंतराव एका हातात पॅन्ट धरून त्यांच्या शेजारी बसले आणि दुसरा हात त्यांनी कुमुदताईंच्या पाठीवर ठेवला. सोमवारी त्या लॅबमध्ये फक्त एवढंच म्हणाल्या की फळीचा एका बाजूचा रंग खरवडून गेलाय आणि भगव्याची तीच छटा आता दुकानात मिळत नाही.

पुढे माझी बदली म्हणा, बढती म्हणा, पामर्स्टन नॉर्थला झाली. लग्न, मूल, गाडीचे हप्ते असं सगळं ओळीनं आलं. कुमुदताई निवृत्त झाल्या. दोन्ही गुडघे बदलले. त्यांची बोट हेमीनं घेतली. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "बोट दिली, खांब दिला. फळ्या नाही दिल्या." मी विचारलं, बोटीशिवाय फळ्यांचं करणार काय? तेवढ्यात त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात रोटोरुआला कामासाठी गेले होते, तेव्हा परतताना मुद्दाम तलावाकडे वळले. अनंतरावांनी फोनवर सांगितलं होतं की या वेळेला ती तिथेच असते. धक्क्यावर गाडी लावली, उतरले, आणि लांब रेतीवर मला त्या दिसल्या. डोक्याला हॅट, एका हातात काठी. दुसऱ्या हातात दोरी होती, तिरकी पाण्यात गेलेली. आणि पंधरा मीटर आत, पाण्यावर, एक लहानशी भगवी फळी त्यांच्या बरोबरीनं चालली होती. फळीला बोट लागतेच असं नाही. पुढे ओढणारं कुणीतरी लागतं, एवढंच. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. त्यांना माझं कौतुक वाटलं, पण थांबल्या नाहीत.

"थांबले की ती किनाऱ्याला येते," त्या म्हणाल्या. "फिजिओनं रोज चालायला सांगितलंय. नुसतं कोण चालणार? चल बरोबर."

मी बरोबर चालले. त्यांनी मुलाचं विचारलं, नोकरीचं विचारलं. चार वाक्यांत आम्ही फळीवर आलो. समोरून कुत्रा घेऊन एक तरुण जोडपं आलं. मुलीनं हसून विचारलं, आज काही मिळालं का.

"गळच लावलेला नाही," कुमुदताईंनी सांगितलं. "या वर्षी परवाना नाही काढला."

ते दोघं क्षणभर दोरीकडे, मग फळीकडे, मग कुमुदताईंकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, "स्वीट." आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेले.

मला परत निघायला हवं होतं, चार तासांचा रस्ता होता. त्यांनी मला निरोपाचं असं काही म्हटलं नाही. "पुढच्या वेळी बूट बदलून ये, यात रेती जाते," एवढंच म्हणाल्या. मी गाडीपाशी येऊन मागे वळून बघितलं. त्या रेतीच्या टोकाला पोचल्या होत्या, जिथून पुढे झाडीच आहे. त्यांनी फळी ओढून बाहेर काढली, पुसली, आणि खांद्यावरच्या पिशवीतून दुसरी काढली. मग माझ्या लक्षात आलं. तिरक्या टोकाची फळी एकाच बाजूला पळते. जाताना पाणी उजवीकडे, येताना डावीकडे, म्हणून परतीची त्या वेगळी घेऊन आल्या होत्या.

त्यांनी ती पाण्यात सोडली, काठी टेकवली आणि चालायला लागल्या. फळी क्षणभर रेंगाळली, मग तिनं पाणी धरलं आणि लाल झेंडी उभी ठेवून ती तलावात आत आत निघाली.